पोस्टरमधला नळ

महाराष्ट्रातल्या शाळेत सामाजिक प्रश्नांना तारखा नेमून दिलेल्या असतात. जुलैचा पहिला आठवडा झाडांचा. 11 जुलै लोकसंख्येचा. 1 डिसेंबर एड्सचा. जानेवारीत आधी रस्ता सुरक्षा आणि मग 25 तारखेला मतदार. तंबाखूविरोधी दिवस 31 मेला येतो, ऐन सुट्टीत. म्हणून तंबाखू जूनमध्ये शाळा भरल्यावर उरकून घेतात. वरून परिपत्रक येतं: चित्रकला, घोषवाक्य, निबंध, पथनाट्य अशा माध्यमांतून जनजागृती करावी आणि छायाचित्रांसह अहवाल पाठवावा. सर फळ्यावर विषय लिहितात, मुलं दप्तरातून रंगपेटी काढतात, दोन तासांत वर्गभर पोस्टरं तयार होतात. पहिल्या तिघांना प्रमाणपत्र, सगळ्यांचा मिळून एक फोटो, फोटो ग्रुपवर, लिंक भरली, विषय संपला. पुढचा विषय पुढच्या तारखेला.

यात मुलांचा दोष काडीचाही नाही आणि शिक्षकांचाही फारसा नाही. पण या सगळ्याला आपण विद्यार्थ्यांची सामाजिक जाणीव म्हणतो, त्याच्या बातम्या छापतो, पाहुण्यांच्या हस्ते बक्षिसं देतो, तेव्हा एकदा स्पष्ट बोलायला हवं. प्रश्न दुसऱ्यानं ठरवला, उत्तरही दुसऱ्यानंच दिलं, चित्र मोबाइलवरून उचललं. मग मुलाच्या वाट्याला उरतं ते फक्त रंग भरणं. जाणीव यायची तर प्रश्न मुलानं स्वतः शोधलेला हवा, आणि तो शाळेला, गावाला, घरच्यांना अडचणीचा वाटला तरी भिंतीवर लागायला हवा. एवढं जमणार नसेल तर पोस्टर स्पर्धा बंद झाल्यानं समाजाचं काही बिघडणार नाही. कागद तरी वाचेल.

तालुका पातळीवरच्या अशा स्पर्धांना मी अधूनमधून परीक्षक म्हणून जाते. ‘पाणी वाचवा’ हा विषय असला की टेबलावर काय येणार हे कागद उलटायच्या आधीच सांगता येतं. वरच्या कोपऱ्यातून आलेला पिवळा पितळी नळ. त्याच्या तोंडाशी एक थेंब, थेंबात पृथ्वी. खाली ओंजळ. उजवीकडे भेगाळलेली जमीन, डावीकडे हिरवं झाड, मधोमध कागद दुभागणारी रेघ. ‘जल है तो कल है’, तेही हिंदीत, कारण ज्या चित्रावरून उतरवलं त्यात ते हिंदीत होतं. कडेनं स्केचपेनची दुहेरी चौकट. अक्षरांना सावली दिलेली असली तर पहिला नंबर जवळपास पक्का.

आता हे चित्र काढणारी मुलगी कुठली ते पाहा. तिच्या वस्तीवर उन्हाळ्यात टँकर येतो. टँकर विहिरीत ओततात आणि बाया पोहऱ्यानं शेंदतात, नाहीतर दारापुढे निळी टिपाडं मांडून ठेवतात. कुणी टिपाडावर रंगानं नाव घातलेलं असतं, कुणी ते साखळीनं खांबाला बांधून झाकणाला कुलूप घातलेलं असतं, कारण रात्रीत पाणी चोरीला जातं. पाइप आधी कुणाच्या टिपाडात जाणार यावरून भांडणं होतात, आणि त्या क्रमामागे भावकीचा, जातीचा, गेल्या निवडणुकीचा हिशेब असतो. ती हे रोज बघते. तिच्या घरात नळ नाही. असला तरी त्याला पाणी नाही. पण पोस्टरवर ती गळणारा नळ काढते आणि लोकांना बजावते, पाणी जपून वापरा. कुणाला बजावते? 2016च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी मिरजेहून रेल्वेनं न्यावं लागलं होतं. त्या भागातल्या पोरांकडून पाणी वाचवण्याची शपथ घ्यायची, म्हणजे उपाशी माणसाला मिताहाराचे फायदे सांगण्यातला प्रकार झाला.

समजा, तिनं टिपाड काढलं असतं. निळं, साखळीसकट, कुलपासकट. त्या एका कुलपात पाण्याचा जेवढा प्रश्न आहे तेवढा नळाच्या शंभर चित्रांत नाही. पण टिपाड काढलं की मागून बाकीचं येतं: टँकर कुणाच्या मालकीचा, फेऱ्या कागदावर किती आणि वस्तीवर किती, वरच्या आळीला आधी का, आणि पलीकडच्या रानात ऊस कसा हिरवागार उभा आहे. नळ काढला की यातलं काहीच येत नाही. नळाच्या चित्रात दोष असतो तो थेट वापरणाऱ्याचा, म्हणजे तिचा स्वतःचाच. यासाठीच नळाला बक्षीस मिळतं असं मी म्हणणार नाही, आम्ही परीक्षक तेवढा खोल विचार करत नाही. नळ सगळ्यांनाच सोयीचा पडतो, एवढं मात्र खरं.

बालविवाहाच्या पोस्टरांचंही हेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 22 टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. बीड, परभणीत हे प्रमाण 40 टक्क्यांच्या पुढे होतं. तेव्हा विषय महत्त्वाचा आहे, यात वादच नाही. पण चित्रात येतं काय? मुंडावळ्या बांधलेली रडवेली मुलगी, शेजारी मिशीवाला नवरा, कडेला पोलीस आणि ‘बालविवाह कायद्याने गुन्हा आहे’. आईबाप असतात ते एकतर दुष्ट, नाहीतर अडाणी.

ज्या वर्गात हे चित्र काढलं जातं त्यातल्या कितीतरी पोरांचे आईबाप दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गेलेले असतात. त्या पोरांना पक्कं ठाऊक असतं की मुकादम, म्हणजे मजूर जमवणारा ठेकेदार, नवराबायकोची जोडी धरतो, जोडीचा एक कोयता होतो आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. म्हणून पोराचं लग्न लवकर, आणि मग समोरच्या घरातल्या पोरीचं त्याहून लवकर. आईबाप पाच-सहा महिने कारखान्याच्या भागात, मागे वयात आलेली मुलगी म्हातारीजवळ. गावात कुणी काही केलं तर, ही धास्ती वेगळी. बरोबर न्यावी तर शाळा बुडते आणि तिथल्या कोपीला, म्हणजे झोपडीला, दार नसतं. एवढी सगळी माहिती आठवीतल्या मुलाकडे असते आणि पोस्टरात त्यातला शब्दही उतरत नाही. मुकादमाच्या वहीचं एक पान काढा. दोन नावं, त्यांच्यासमोर एकच आकडा, खाली अंगठा. बालविवाहाचं याहून नेमकं चित्र मला तरी सुचत नाही. त्याला हात फार चांगला असावा लागत नाही. ती वही पाहिलेली असावी लागते. आईबापांना निर्दोष ठरवायचा माझा हेतू नाही. कायदा ते मोडतातच, आणि मुलीचं वाटोळं होतंच. पण लग्न का लागतं हे ज्याला माहीत आहे त्याच्याकडून पोलिसाचं चित्र काढून घेणं हा त्याच्या माहितीचा अपमान आहे.

कॉलेजातली पथनाट्यं वयानं मोठी, पण गोष्ट तीच. राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून चालू आहे. दोन वर्षांत 240 तासांचं काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. शिबिरातल्या एका संध्याकाळी पथनाट्य ठरलेलं. काळे कुडते, कमरेला ओढण्या, डफ, ‘ऐका हो ऐका’. मग दारुडा येतो. तो झोकांड्या खातो, बायकोला शिव्या घालतो, पोरंटोरं खो खो हसतात. या दारुड्याची बोली कायम खेड्यातली असते, आणि त्याला शहाणा करायला येणारी डॉक्टरीणबाई कायम पुण्याच्या मराठीत बोलते. शेवटी सगळे अर्धवर्तुळात उभे राहतात आणि बोट समोर बसलेल्या गावाकडे जातं. गाव टाळ्या वाजवतं, कारण पोरं पाहुणी आहेत, आणि पाहुण्यांचा अपमान करायची आपल्याकडे रीत नाही. पारावर बसलेल्यांपैकी एखादी बाई दारूबंदीसाठी आडवी बाटली करण्याच्या मतदानात स्वतः उतरलेली असू शकते, त्यात हरलेली किंवा जिंकून फसलेली असू शकते, हे पथनाट्य लिहिताना कुणाच्या डोक्यातही येत नाही. गावाला शिकवायचंय एवढंच ठरलेलं असतं.

खरं तर याच मुलांकडे नाटकाला विषयांची वाण नाही. हुंड्याचं घ्या. हुंडाविरोधी पथनाट्यात एक लोभी सासू असते, रॉकेलचा डबा असतो, किंचाळी असते. यातलं काहीच त्या मुलांच्या घरांत घडत नाही, म्हणून नाटक संपल्यावर ती निर्धास्त घरी जातात. त्यांच्या घरांत वेगळं वाक्य असतं: ‘आम्हाला काही नको, तुम्ही तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या.’ हे वाक्य बोलणारा बाप, शेजारी मोबाइलमध्ये मान घालून बसलेला इंजिनीअर मुलगा, आतून पोह्यांच्या बश्या आणणारी मुलगी. पंधरा मिनिटांचं नाटक या एका वाक्यावर उभं राहू शकतं, आणि ते बघताना प्रेक्षकांइतकीच नाटक करणाऱ्यांचीही पंचाईत होईल. वसतिगृहात आडनाव विचारून खोलीतला साथीदार ठरवणं, प्लेसमेंटच्या मुलाखतीत मुलींनाच लग्नाबद्दल विचारणं, मेसमधला वाढपी चौदा वर्षांचा असणं. विषय पायाशी पडलेत. पण ते घेतले तर बोट स्वतःकडे वळतं.

इथे एक जुना आक्षेप येतो, आणि तो चांगल्या माणसांकडून येतो. मुलांना चित्र काढू द्या, फुलं-पक्षी काढू द्या, रेषेशी रंगाशी खेळू द्या. समाजसुधारणेचं ओझं त्यांच्या ब्रशवर कशाला? विषय घुसला की कला मरते. यातलं पहिलं मला मान्य आहे. मुलानं चित्र काढावं ते आधी मजेसाठीच. पण विषयानं कला मरते हे महाराष्ट्रात बसून तरी कुणी म्हणू नये. जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक 1855 साली लिहिलं. दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाकारलं. पुढे सत्यशोधकी जलसे झाले, आंबेडकरी जलसे झाले, 1944 साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं. ढोलकी, गण, बतावणी, लावणी, सगळा तमाशाचा ऐवज त्यांनी घेतला आणि गिरणगावाचं जगणं त्यात भरलं. लोक तिथे उपदेशासाठी गेले नव्हते. विषयानं कला मरत नाही. विषयाशी काही देणंघेणं नसलं की मरते.

आणि विद्यार्थिनीच्या कामाचंच उदाहरण हवं असेल तर तेही त्याच 1855 सालचं आहे. मुक्ता साळवे ही सावित्रीबाई आणि जोतीरावांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी, वय चौदाच्या आसपास. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्या वर्षी ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. निबंध म्हणजे चित्र नव्हे, पण शाळेतल्या मुलीनं समाजाच्या प्रश्नावर काय रचावं याचा याहून चांगला धडा मराठीत नाही. ती ‘जातिभेद नष्ट करा’ असं लिहीत नाही. तिच्या वस्तीतल्या बाया बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडी, पाऊस, वारा यांनी त्यांचे काय हाल होत असतील, हे ती लिहिते. वेद आमचे नाहीत असं तुम्हीच म्हणता, मग आमचा धर्म कोणता ते देवानंच आम्हाला सांगावं, असा सरळ सवाल टाकते. छप्पर आणि सवाल. पहिली गोष्ट तिनं डोळ्यांनी पाहिलेली आहे आणि दुसरी तिच्या डोक्यातून आलेली आहे. तिला विषय कुठल्या परिपत्रकानं दिला नव्हता. आणि तिच्या शिक्षकांनी तो निबंध वाचून ‘जरा सौम्य कर’ असं म्हटलं असतं, तर आज आपण तिचं नाव घेतलं नसतं.

त्या शिक्षकांसारखं वागणारी माणसं आजही आहेत. ठाण्यात रत्नाकर मतकरींच्या कल्पनेतून आणि समता विचार प्रसारक संस्थेच्या मदतीनं ‘वंचितांचा रंगमंच’ उभा राहिला. वस्त्यांमधल्या मुलांना कुणी तयार संहिता आणून दिली नाही. आपल्या वस्तीतलं नाटक तुम्हीच उभं करा, असं सांगितलं. नेपथ्य नाही, महागडे कपडे नाहीत, आणि कोण कुणासारखं बोलतं याची नक्कल पोरांना शिकवावी लागली नाही. दाभोलकरांच्या 2013 मधल्या खुनानंतर अतुल पेठे यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांबरोबर रिंगणनाट्य सुरू केलं. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे बसायची पद्धत. प्रेक्षक गोल बसतात, नाटक मध्ये होतं, आणि खेळ संपला की बोलणं सुरू होतं. गोलात एका बाजूनं दुसरीकडे बोट दाखवायची सोयच उरत नाही. आमच्या शिबिरातल्या पथनाट्यांनी बाकी काही नको, एवढी बैठक उचलली तरी पुष्कळ.

विषय चांगला म्हणून काम चांगलं, ही सवलतही बंद व्हायला हवी. एकांकिका स्पर्धांच्या हंगामात ‘यंदा विषय काय?’ असंच एकमेकांना विचारतात. शेतकरी आत्महत्या घेतली की अर्धे गुण खिशात, अशी एक समजूत आहे. गॅदरिंगला फास, पांढरी टोपी, मागे आर्त आलाप, निळा प्रकाश. आणि प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत ज्याच्या घरी हे खरोखर घडलंय असा मुलगा बसलेला. त्याला कुणी विचारलेलं नसतं. 2022 साली पुण्यातल्या पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही असं सांगून करंडकच दिला नाही. 1963 पासूनच्या स्पर्धेत असं पहिल्यांदाच झालं. त्यावर बराच गदारोळ झाला, मुलांचा उत्साह मारला वगैरे. मला तो निर्णय मुलांना मोठं मानणारा वाटला. पोस्टर स्पर्धेतही ‘या वर्षी पहिला क्रमांक नाही’ असं म्हणायची मुभा परीक्षकाला हवी. पण तिथे बक्षीस देणारे पाहुणे आधीच बोलावलेले असतात.

शिक्षक सुरक्षित विषय का निवडतात, हेही समजून घ्यायला हवं. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचा परीक्षेचा प्रयोग चालू असताना तो बंद पाडला गेला, आणि विभागप्रमुखांसह विद्यार्थ्यांनाच अटक झाली. रामलीलेत काम करणाऱ्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीवर ते नाटक होतं. ते कुणाला आवडलं असेल, कुणाला नसेल. पण विद्यापीठाच्या आवारातला, परीक्षेतला प्रयोग जर थेट पोलीस ठाण्यात पोचत असेल तर जिल्हा परिषदेच्या शाळेतला एकटा शिक्षक ‘झाडे लावा, झाडे जगवा’च लिहिणार. झाडाच्या भावना दुखावत नाहीत. त्याला भित्रा म्हणणं सोपं आहे. त्याची बदली होते, आपली होत नाही.

शिवाय तो शिक्षक बहुधा चित्रकलेचा नसतोच. शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक द्यायला सांगितलं आहे. शंभराच्या आतल्या शाळांचं काय, हे त्यात नाही, आणि खेड्यापाड्यांतल्या बहुतेक शाळा त्याच. मग चित्रकलेच्या तासाला गणित होतं आणि पोस्टरच्या दिवशी गणिताचे सर चित्रकलेचे होतात. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा आहेत, दहावीला त्याचे वाढीव गुण आहेत, त्यामुळे शहरांत त्यांचे क्लास जोरात चालतात. तिथे स्थिरचित्रात मडक्यावर उजेड कुठून पडलाय ते बघायला शिकवतात. उत्तम गोष्ट आहे. पण स्मरणचित्राला ‘बाजार’ आला की तिथेही पाठ केलेला बाजार उतरतो: छत्रीखाली भाजीवाली, डोक्यावर पाटी घेतलेला माणूस, मागे दोन झाडं. आपल्या गावच्या बाजारात आता प्लास्टिकच्या ताडपत्र्या आणि बॅटरीवरचा भोंगा आहे, हे चित्रात आणलं तर गुण कापतील की काय अशी मुलांना भीती. पाहिलेलं काढू नये, ठरलेलं काढावं, हा धडा इतक्या लवकर मिळतो.

मग करायचं काय? माझ्या मते पहिली गोष्ट विषयांची यादी बाजूला ठेवायची. वर्षात दहा स्पर्धांऐवजी एकच काम, पण ते दोन महिने चालावं. वर्गानं आपल्या वाटेवरची, घरातली, शाळेतली एक खटकणारी गोष्ट निवडावी. नियम दोनच असावेत: जे स्वतः पाहिलं नाही ते काढायचं नाही, आणि चित्रावर घोषवाक्य लिहायचं नाही. दुसरा नियम लावून बघा, काय गंमत होते. ‘मुलगी शिकवा’ लिहिता येत नाही म्हटल्यावर मुलीला विचार करावा लागतो की मुलगी शाळा का सोडते, आणि मग एखादी शाळेच्या स्वच्छतागृहाचं दार काढते, कडी नसलेलं, आतून एक हात दार धरून ठेवलेला. हे चित्र सगळ्यात आधी मुख्याध्यापकांना दाखवावं लागेल, आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा होईल. पण कडी दोनशे रुपयांच्या आत बसते.

एक सावधगिरी मात्र हवी. मुलांना खरं काढा म्हटलं की ती खरं काढतात. घरातली मारहाण येईल, त्याहून वाईटही येईल. अशी चित्रं भिंतीवर लावायची नसतात, ग्रुपवर तर मुळीच टाकायची नसतात. त्या मुलाशी एकट्यानं बोलायचं, गरज पडली तर 1098 या हेल्पलाइनवर कळवायचं, आणि लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर 2012च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारकच आहे. ज्या शाळेची याला तयारी नाही तिनं हे काम हाती घेण्याआधी शिक्षकांचं एक प्रशिक्षण करून घ्यावं. मुलाच्या दुःखाचं प्रदर्शन मांडून आपण संवेदनशील ठरलो असं वाटणं, हा पोस्टर स्पर्धेपेक्षा वाईट प्रकार आहे.

दुसरी गोष्ट, चित्र बघणार कोण. स्नेहसंमेलनात आईबाप बघतात, कौतुक करतात, घरी जातात. ज्याच्या हातात काही आहे त्यानं बघायला हवं. ग्रामपंचायतीच्या ग्रामसभा सहसा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरला होतात. त्यातल्या काही तारखांना मुलं झेंडावंदनाला तशीही शाळेत येतात. त्याच दिवशी चित्रं ग्रामसभेच्या भिंतीवर लावावीत आणि ज्या मुलीनं काढलं तिनं उभं राहून दोन वाक्यांत सांगावं की काय पाहिलं. शहरात प्रभाग कार्यालय आहे. भाषण नको, शपथ नको, गाणं तर नकोच.

आणि हे एकट्या सरांच्या खांद्यावर टाकायचं नाही. प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरती जमते. कुठली चित्रं ग्रामसभेत न्यायची हे त्या समितीनं बघून, भांडून, ठराव लिहून ठरवावं. मग उद्या टँकरवाला किंवा मुकादम शाळेच्या दारात आला तर त्याला एकट्या मास्तरशी नव्हे, गावातल्या दहाबारा आईबापांशी बोलावं लागेल. काही ठिकाणी समितीच कच खाईल, चित्र मागे ठेवा म्हणेल. तसं झालं तर तेही ठरावात कारणासह लिहावं आणि मुलांना वाचून दाखवावं. आपल्या गावात काय दाखवता येत नाही हेही त्यांना कळू दे. आणि सभेत चित्र लागल्यावर ग्रामपंचायत अधिकारी ‘पुढच्या सभेत माहिती देतो’ म्हणाले, तर मुलांनी ते वाक्य तारखेसह वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावं आणि पुढच्या सभेला जाऊन विचारावं.